झूम एफ-३: गेनची चकती नसलेला रेकॉर्डर फिल्ड रेकॉर्डिंगला किती पुरतो?

झूम एफ-३ पहिल्यांदा हातात घेणारा माणूस नकळत गेनची, म्हणजे येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारी, चकती शोधतो. ती सापडत नाही, कारण ती ठेवलेलीच नाही. माइक जोडायची दोन एक्सएलआर सॉकेट, टपाल तिकिटाएवढा एकरंगी पडदा, त्याच्या आसपास मोजकी बटणं आणि पोटात दोन डबल-ए पेन्सिल सेल. सेलसकट वजन २४२ ग्रॅम. स्वतःचा माइक नाही. २०२२ साली हा रेकॉर्डर आला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की लेव्हल लावायची कटकट गेली, म्हणजे फिल्ड रेकॉर्डिंग (स्टुडिओबाहेर जागेवर जाऊन आवाज टिपणं) सोपं झालं. कटकट गेली हे खरंच आहे. सोपं झालं का, याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो.

कॅमेऱ्याला जोडून मुलाखती घेणाऱ्यांसाठी एफ-३ ची परीक्षणं ढिगाने आहेत. हे परीक्षण वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे: मध्यरात्रीचे बेडूक, तारेच्या कुंपणाची गुणगुण, पाण्याखालची चुळबुळ, रिकाम्या गोदामातला घुमारा असलं काही टिपून त्यातून रचना, गॅलरीतली मांडणी किंवा रेडिओचे तुकडे घडवणाऱ्यांसाठी. ज्यांना हे काम हौस म्हणून नाही, पुढची दहा-पंधरा वर्षं करायचं आहे त्यांच्यासाठी.

निकाल आधीच सांगतो. घ्यावा. पण 'आता आवाज कधीच फाटणार नाही' या समजुतीवर घेऊ नये. रेकॉर्डरवरचा खर्च आटोक्यात ठेवून उरलेलं सगळं माइक, केबल आणि वाऱ्याच्या कव्हरांत घालता यावं, हे तो घेण्याचं खरं कारण.

गेन नाही म्हणजे नेमकं काय

प्रत्येक इनपुटमागे दोन कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारे भाग, बसवले आहेत. एक बारीक आवाजाकडे कान लावून असतो, दुसरा मोठ्या आवाजाकडे. यंत्र दोघांचंही सतत ऐकतं आणि त्या क्षणी ज्याचं म्हणणं भरवशाचं, ते फाइलीत उतरवतं. फाइल ३२-बिट फ्लोटची: एक बिट चिन्हाचा, आठ घातांकाचे, तेवीस अपूर्णांकाचे. साध्या २४-बिट फाइलीत शून्य डीबीच्या वर जागाच नसते. लाट तिथे पोचली की तिचं डोकं सपाट कापलं जातं. फ्लोट फाइलीत शून्याच्या वरचे अंकही लिहिले जातात आणि नंतर लेव्हल खाली ओढली की लाट शाबूत निघते.

फ्लोटच्या कौतुकात १५०० डीबीच्या पुढचे आकडे फेकले जातात. तो आकडा फाइलीच्या गणिताचा आहे, यंत्राचा नाही. यंत्राचा आकडा झूमच्याच तक्त्यातून काढता येतो: माइक इनपुटची कमाल पातळी +४ डीबीयू (हे विद्युत पातळीचं माप) आणि इनपुटचा स्वतःचा नॉइज −१२७ डीबीयू, म्हणजे मधलं अंतर १३१ डीबी. शिडी एवढीच. पुष्कळ उंच आहे, पण तिला वरचं टोक आहे आणि खालचंही.

वरच्या टोकाचं आधी पाहू. +४ डीबीयू म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. फिल्ड रेकॉर्डिंगवाल्यांत लोकप्रिय असलेली प्रिमो ईएम२७२ ही कॅप्सूल (माइकचा आवाज पकडणारा गाभा) एका पास्कल दाबाला सुमारे ४० मिलिव्होल्ट देते. त्या हिशेबाने एफ-३ चं माइक इनपुट काठोकाठ भरायला १२३-१२४ डीबीचा आवाज लागतो. कॅप्सूल त्याआधीच दम तोडते. म्हणजे रेल्वे फाटकाशेजारी, ढोलापुढे किंवा धबधब्याच्या पायथ्याशी आवाज फाटला तर तो माइकमध्ये फाटलेला असतो आणि फ्लोट फाइल तो इमानेइतबारे फाटलेलाच जपून ठेवते.

दोन्ही फाटण्यांतला फरक ओळखायला सोपा आहे. एडिटरमध्ये लेव्हल २० डीबीने खाली आणा आणि लाट मोठी करून बघा. टोकं गोल झाली तर फाइल नुसती शून्याच्या वर गेली होती, काही बिघडलेलं नाही. टोकं सपाटच राहिली तर माइक किंवा इनपुट फाटलं. त्यावर कुठल्याही मेनूत इलाज नाही. माइक लांब न्या, किंवा कमी संवेदनशील माइक लावा. मोठा आवाज मिक्सरच्या आउटपुटमधून येत असेल तर इनपुट 'लाइन'वर टाका, तिथे मर्यादा +२४ डीबीयू आहे.

वाऱ्याचंही हेच. स्पंजच्या टोपीवर भागेल असं वाटतं, पण मोकळ्या माळावर वाऱ्याची एक झुळूक १०० हर्ट्झच्या खाली एवढा धक्का देते की कॅप्सूलचा पडदा टोकाला जाऊन आपटतो. गेन नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या फाइली सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. गेनची चकती असताना माणूस निदान मीटरकडे बघून सावध व्हायचा. स्पंजवर लांब केसांचं कव्हर चढवा, आणि कव्हर कॅप्सूलला चिकटून बसलेलं नको, मध्ये स्थिर हवेची पोकळी हवी. कव्हराचे केस ओले होऊन चिकटले की ते निरुपयोगी. वाळवून, विंचरून मगच पुन्हा लावा. हे विंचरणं हास्यास्पद वाटतं खरं, पण फरक कानांना लगेच कळतो.

पडद्यावरचं ते झूम

एफ-३ च्या पडद्यावर मीटर नाही, लाटेचं चित्र आहे. बटणं दाबून ते चित्र दुप्पट, चौपट, आठपट असं मोठं करता येतं. नवख्याची समजूत अशी होते की हे फक्त बघण्यापुरतं आहे. तसं नाही. जी पट लावाल ती फाइलीतल्या लेव्हलला लागते आणि हेडफोनलाही. प्रत्येक दुप्पट म्हणजे ६ डीबी, तेव्हा ६४ पट लावली तर फाइल ३६ डीबीने मोठी लिहिली जाते. फ्लोटमुळे त्यात नुकसान काही नाही, उलट घरी येऊन उघडल्यावर लाट दिसते. म्हणजे गेनची चकती नाही असं म्हणत म्हणत ती मागच्या दाराने आलीच, फक्त तिच्याने आता आवाज फाटत नाही.

यातून तीन घोटाळे होतात. पहिला कानांचा. शांत रात्री पट ६४ वर ठेवून हेडफोन लावलेत आणि शेजारी फांदी मोडली किंवा वीज कडाडली, तर ती ३६ डीबी चढून कानात येते. फाइल वाचेल, कान वाचतील याची खात्री नाही. मोठ्या पटीवर हेडफोनचा आवाज मुद्दाम खाली ठेवायचा, हा नियम करून टाकावा. दुसरा घोटाळा स्टिरिओचा. दोन्ही वाहिन्यांची पट वेगवेगळी राहिली तर सगळं दृश्य एका बाजूला कलतं. स्टिरिओ जोडी लावली असेल तर दोन्ही वाहिन्या जोडून घ्या, किंवा निदान पडद्यावरचे दोन्ही आकडे सारखे आहेत हे रेकॉर्ड दाबण्याआधी पाहा. आणि तिसरा, सगळ्यात हळहळ लावणारा: एक पटीवर केलेली शांत रात्रीची फाइल लॅपटॉपवर सरळ रेघेसारखी दिसते. 'काही आलंच नाही' असं समजून ती पुसली जाते. आधी ४० डीबी वर ओढून ऐका. बेडूक तिथे असतात.

याची उलटी बाजू म्हणजे शून्याच्या वर गेलेली फाइल फोनवर किंवा साध्या प्लेअरवर वाजवली की फाटून ऐकू येते. प्लेअर ती शून्यावर छाटून वाजवत असतो. फाइल बिघडली असं ठरवण्याआधी ती रीपर, ऑडॅसिटी असल्या फ्लोट हाताळणाऱ्या एडिटरमध्ये उघडा.

खरखर कोणाची

आता शिडीचं खालचं टोक, आणि ध्वनिकलाकाराला खरी गरज तिथेच असते. शांत जागांत काम करणाऱ्याचं आयुष्य खरखरीशी भांडण्यात जातं.

गणित एकदा करून पाहावं. ईएम२७२ ची स्वतःची खरखर १४ डीबी, ए-भारित (म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेली). तेवढ्या आवाजाचा दाब १०० मायक्रोपास्कल, त्याचे ४० मिलिव्होल्ट प्रति पास्कलने झाले ४ मायक्रोव्होल्ट, म्हणजे जवळपास −१०६ डीबीयू. एफ-३ च्या इनपुटची खरखर −१२७. माइकची खरखर रेकॉर्डरच्या खरखरीपेक्षा २१ डीबी वर बसली आहे, तेव्हा रेकॉर्डर ऐकूच येणार नाही. याहून दुप्पट महाग रेकॉर्डर लावला तरी या माइकबरोबर फाइलीत कानाला कळेल असा फरक पडणार नाही.

इथे एका सापळ्याबद्दल. साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री मालिकेचा आकडा −१३० असा वाचला की एफ-३ तीन डीबीने मागे वाटतो. तो आकडा डीबीव्ही या वेगळ्या मापात आहे. डीबीयूमध्ये बदलला की −१२८ च्या आसपास येतो. एका डीबीचा फरक, तोही कागदावर. मिक्सप्री घ्यायची कारणं वेगळी आहेत आणि चांगली आहेत: जास्त इनपुट, हाताला लागणाऱ्या चकत्या, मोठा रंगीत पडदा. खरखर हे त्यातलं कारण नाही.

मग खरखर कमी करायची तर माइक बदलावा लागतो. रोडचा एनटी१ साडेचार डीबीच्या आसपास आहे, शांत जंगलासाठी त्याची जोडी लावणारे पुष्कळ आहेत. पण तो मोठ्या पडद्याचा स्टुडिओ माइक, दमट हवेत त्याची तडतड सुरू होऊ शकते आणि त्याला मावेल एवढं कव्हर शोधावं लागतं. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेचे माइक रेडिओ-फ्रीक्वेन्सी तत्त्वावर चालतात, त्यामुळे धुक्यात-पावसात ते तग धरतात. एमकेएच २० ची खरखर १० डीबी. धंदा म्हणून हे करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं तेच का दिसतात, याचं उत्तर आवाजाइतकंच दमटपणात आहे. ईएम२७२ च्या छोट्या कॅप्सूल झाडाच्या खोडाला दोन बाजूंनी बांधता येतात, खिशात मावतात, गेल्या तर फार हळहळ वाटत नाही. सुरुवात त्यांनी करावी.

एवढंच की त्या प्लग-इन पॉवर या कमी दाबाच्या विजेवर चालतात, ३ ते ५ व्होल्टवर, आणि एफ-३ देतो २४ किंवा ४८ व्होल्टची फँटम, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज. मध्ये फँटमवरून प्लग-इन पॉवर काढून देणारा अडॅप्टर लागतो, प्रत्येक माइकला एक. ३.५ मिलिमीटरवरून एक्सएलआरवर नुसती पिन बदलून देणारे साधे अडॅप्टर दिसायला अगदी तसेच असतात. ते लावून फँटम चालू केली की कॅप्सूल कायमची जाऊ शकते. खोक्यावर 'फँटम ते प्लग-इन पॉवर' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लावू नका. आणि कुठलाही माइक काढता-घालताना फँटम बंद करून दहा सेकंद थांबा.

काँटॅक्ट माइक आणि पाण्याखालचे माइक

पुलाच्या कठड्याला, कुंपणाच्या तारेला, झाडाच्या सालीला कंपनांची वीज करणारी पिझो चकती चिकटवून ऐकणं हा या कलेचा जुना छंद. एफ-३ वर तो थेट करायला गेलात तर निराशा पक्की. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ लागतो आणि दोष चकतीवर जातो. दोष जोडणीचा आहे. २७ मिलिमीटरच्या साध्या पिझो चकतीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड असते. माइक इनपुटचा रोध काही किलो-ओहमच. समजा ३ किलो-ओहम धरला, तर दोघांचं मिळून २६५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारं फिल्टर तयार होतं. १०० हर्ट्झचा घुमारा तब्बल २८ डीबीने खाली जातो. मध्ये १ मेगाओहम इनपुटचा बफर (चकतीवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट) ठेवला की तीच सीमा ८ हर्ट्झवर येते आणि कुंपणाची तार एकदम तळापासून बोलायला लागते.

बफर फँटमवर चालणारा घ्या, नाहीतर आणखी एक सेल सांभाळावा लागतो. चकती आणि बफर यांच्यातली केबल एका मीटरच्या आत ठेवा आणि ती शील्ड केलेलीच हवी, कारण एवढ्या मोठ्या रोधावर उघडी तार घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट ओढून घेते. चकती चिकटवायला दुहेरी टेप चालते, पण टेप जाड आणि मऊ असेल तर वरचे स्वर तीच पिते. पातळ टेप आणि वरून क्लॅम्पचा घट्ट दाब, हे जमलं की निम्मं काम झालं.

हायड्रोफोनमध्ये, म्हणजे पाण्याखालच्या माइकमध्ये, दोन जाती. आत बफर असलेले थेट किंवा अडॅप्टरमधून चालतात, उघड्या पिझोच्या जातीला वरचंच गणित लागू. पाण्याखाली सगळ्यात जास्त त्रास केबलचा. ती काठाला घासली की ते घासणं माशांपेक्षा मोठं ऐकू येतं. केबल काठावर स्पंजच्या तुकड्यातून न्या आणि हायड्रोफोनपासून अर्ध्या मीटरवर छोटं वजन बांधा, म्हणजे प्रवाहाचा हिसका वजनावर येईल. नॉर्वेच्या ध्वनिकलाकार याना विन्देरेन यांना २०११ साली प्रिक्स आर्स इलेक्ट्रॉनिका या माध्यमकलेच्या स्पर्धेचा गोल्डन निका हा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा मोठा भाग हायड्रोफोनवर उभा आहे. पाण्याखालचं ऐकणं एवढं पुढे नेता येतं, फक्त तिथे रेकॉर्डर शेवटून दुसऱ्या नंबरचा प्रश्न असतो. शेवटचा म्हणजे हेडफोन.

रात्रभर सोडून येणं

एफ-३ खरा शोभतो तो इथे. माणूस जवळ असला की पक्षी गप्प होतात, म्हणून संध्याकाळी रेकॉर्डर लावून निघून जायचं आणि सकाळी उचलायचा. जुन्या रेकॉर्डरवर यात जुगार होता: पहाटेच्या किलबिलाटाला बेतून गेन लावला तर मध्यरात्र खरखरीत बुडायची, मध्यरात्रीला बेतला तर पहाट फाटायची. एफ-३ वर दोन्ही एकाच फाइलीत सुखाने राहतात. या एका कामासाठीसुद्धा तो घ्यावा.

विजेचा बंदोबस्त मात्र नीट हवा. फँटम चालू असताना अल्कलाइन सेल लवकर बसतात, भार पडला की त्यांचा व्होल्टेज पटकन कोसळतो. रिचार्जेबल निकेल सेल बरे, लिथियम सगळ्यात टिकाऊ, पण रात्रभराचा भरवसा दोन सेलांवर नकोच. यूएसबी-सीला १०,००० एमएएचची पॉवर बँक लावा आणि आत चार्ज केलेले सेल राहू द्या. मेनूत सेलचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर शिल्लक दाखवणारं चित्र खोटं बोलतं. काही पॉवर बँका कमी वीज ओढली जाते आहे असं पाहून स्वतःहून झोपी जातात. तुमची तशी आहे का, हे घरी आठ तासांची रंगीत तालीम करून ठरवा, जंगलात नको.

कार्डाचं गणित सोपं आहे. ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओ फ्लोट मिनिटाला २३ एमबी, तासाला जवळपास १.४ जीबी. आठ तासांचे ११ जीबी. ९६ ला दुप्पट, १९२ ला चौपट, म्हणजे एका रात्रीचे ४४ जीबी. १९२ वर तेव्हाच जा जेव्हा आवाज नंतर संथ करून खाली उतरवायचा असेल: चौपट संथ केला की ४० किलोहर्ट्झचा वटवाघळाचा सूर १० वर येतो. त्यातही माइकला २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत असेल तर. येत नसेल तर नुसतं कार्ड भरतं आणि सेल संपतात. साध्या वातावरणासाठी ४८, पुढे आवाज ताणून-वाकवून रचना करायची असेल तर ९६, एवढं पुरतं.

बांधणीत रेकॉर्डर आणि पॉवर बँक एका जलरोधक पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. केबल पिशवीच्या खालच्या बाजूने बाहेर काढा आणि तिला खाली लोंबणारा झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं, पिशवीत शिरत नाही. पट्टा, चेन, पिशवीची मोकळी टोकं, जे जे हलू शकतं ते चिकटपट्टीने गप्प करा. रात्रभराच्या फाइलीत दर झुळकीला पिशवी फडफडलेली ऐकण्यासारखं दुःख नाही. झाडावर उंच लावायचा असेल तर बीटीए-१ हा ब्लूटूथ अडॅप्टर वेगळा घेऊन फोनवरून रेकॉर्ड सुरू करता येतं. सुरू झालंय हे पडद्यावर स्वतः पाहून मग निघा, आणि निघताना फोन बरोबर न्या. केबलीजवळ विसरलेला फोन रात्रभर टुकटुक करत राहतो.

मायक्रोएसडीची खाच एकच आहे. दुसऱ्या कार्डावर आपोआप प्रत होत नाही. नखाएवढं कार्ड अंधारात गवतात पडलं की गेलं, म्हणून ते जागेवर काढूच नका. घरी पोचल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, त्या उघडून तपासणं, आणि मगच कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करणं, या क्रमाला अपवाद नको. एडिटिंगच्या वेळी मूळ फ्लोट फाइलीला हात लावू नका. तिची प्रत घ्या, सगळ्यात मोठं टोक शून्याच्या खाली आणा, ४० हर्ट्झखालचं हळुवार कापा आणि २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ अशी बाहेर काढा. गॅलरी, रेडिओ, चित्रपटाचा ध्वनिविभाग, बहुतेक हेच मागतात. लेव्हल खाली न आणता २४-बिटमध्ये काढली तर फ्लोटने वाचवलेलं टोक तिथे कापलं जातं.

दोन वाहिन्यांत कारकीर्द मावते का

बराच काळ मावते. ख्रिस वॉटसन यांचा प्रवास कॅबरे व्होल्टेअर या बँडपासून सुरू होऊन निसर्गपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि टच लेबलवरच्या एकल कामात गेला. तो वाहिन्यांच्या संख्येवर तरलेला नाही. हेडफोनवर ऐकायची प्रकाशनं, रेडिओ, दोन स्पीकरची मांडणी, ध्वनिसंग्रह यांना स्टिरिओ पुरतं. लॅपटॉपवर प्रत्यक्ष सादरीकरण करणाऱ्याला एफ-३ यूएसबीवरून दोन-इन दोन-आउट इंटरफेस म्हणूनही चालतो, तेही फ्लोटमध्ये, हा वरचा फायदा.

अडतं ते चार-आठ स्पीकरच्या मांडणीशी. दोन एफ-३ घेऊन चार वाहिन्या करू, असा विचार येतो. दोघांची घड्याळं वेगळी चालतात. त्यांच्यात दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद पडतात. दोन रेकॉर्डर शंभर मीटर अंतरावर ठेवून वेगवेगळी दृश्यं टिपायची असतील तर हे कोणाला कळतही नाही. एकाच दृश्याभोवती चार माइक लावायचे असतील तर सगळं विस्कटतं. त्यासाठी एका घड्याळाचं यंत्र हवं, जसा झूमचाच सहा इनपुटचा एफ-६. तो मोठा आहे, वीज जास्त खातो आणि त्याला रात्रभर झाडावर सोडून यायला मन धजत नाही. म्हणून एफ-६ घेतलेल्यांच्या पिशवीतून एफ-३ सहसा बाहेर पडत नाही.

एक गोष्ट या यंत्राकडून होत नाही, ती म्हणजे आवाजाची नोंद ठेवणं, आणि ती राहिली तर सगळ्यात मोठी चूक ठरू शकते. कॅनडातल्या वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्टने १९७३ मध्ये व्हँकुव्हर शहराचे आवाज प्रकाशित केले. १९९६ मध्ये ते शहराच्या नव्या ध्वनिचित्रांसोबत पुन्हा प्रकाशित झाले. जुन्या आणि नव्या शहराची अशी गाठ घालता येते, कारण कुठला आवाज कुठला, हे माहीत असतं. एफ-३ फाइलीला तारीख-वेळ देतो ती आतल्या घड्याळावरून. सेल बरेच दिवस बाहेर राहिले की घड्याळाचा भरवसा नाही, तेव्हा निघण्याआधी तारीख तपासा. बाकीचं तोंडाने सांगावं लागतं: रेकॉर्ड दाबल्यावर पहिल्या वीस सेकंदांत जागा, वेळ, माइक कुठला, किती अंतरावर, तोंड कुठल्या दिशेला, हवा कशी, आणि पडद्यावरची पट किती. पट सांगायला विसरू नका. दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा रेकॉर्ड करून 'रातकिडे कमी झाले का' असा प्रश्न पडला तर ६४ पटीची फाइल आणि ८ पटीची फाइल यांची तुलना त्या आकड्याशिवाय होत नाही.

खोकं उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक चाचणी करून घ्या. एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाखा, फँटम बंद ठेवा, पट ६४, आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करा. ही तुमच्या यंत्राची खरखर. मग त्याच पटीवर माइक लावा, कपाटात गोधड्यांच्या आत ठेवा, पंखे-फ्रिज बंद करा आणि पुन्हा पाच मिनिटं. दुसरी फाइल पहिलीपेक्षा स्पष्ट मोठी असेल तर खरखर माइकची किंवा घराची, रेकॉर्डर बदलून काही मिळणार नाही. दोन्ही जवळपास सारख्या असतील तर माइक फार कमी व्होल्टेज देतो आहे, आणि पुढचा खर्च कशावर करायचा ते त्याच फाइलीत ऐकू येतं.